परीक्षकाची परीक्षा कोण घेणार?

संध्याकाळची वेळ. कुकरची शिटी होऊन गेलेली, ताटं मांडायची बाकी, आणि बाहेर टी.व्ही.वर स्वैपाकाची स्पर्धा ऐन रंगात आलेली. एक मुलगी थरथरत्या हाताने आपली ताटली पुढे करते. समोर तीन परीक्षक. त्यांतला एकजण काट्याच्या टोकावर इवलासा घास घेतो, डोळे मिटतो, मान तिरकी करतो. घरोघरी सासूबाईंची जपमाळ थांबते, सूनबाईंच्या हातातली पोळी लाटायची राहते. मग तो म्हणतो, "चव बरी आहे, पण जीव नाही." झालं! ती मुलगी डोळे पुसत घरी जाते.

अशा वेळी तुमच्या मनात कधी आलंय का हो, की या गृहस्थांना एवढा अधिकार दिला कुणी? ते शिकले कुठे? कुणाच्या हाताखाली भांडी घासली, किती वर्षं चुलीपुढे घाम गाळला? सून आणताना आपण सात पिढ्यांची चौकशी करतो, दूधवाला बदलला तरी शेजारणीला विचारतो, "पाणी घालत नाही ना ग?" आणि ज्याच्या एका घासावर कुणाचं नशीब ठरतं, त्याची मात्र पाटी वाचायची आणि मान डोलवायची. मैत्रिणींनो, आज मी या पाटीबद्दलच बोलणार आहे. विषय परदेशातल्या टी.व्ही.चा असला तरी त्याची फोडणी आपल्या घरापर्यंत येते. कशी, ते पुढे सांगतेच.

अमेरिकेत 'फूड नेटवर्क' नावाची वाहिनी आहे. तिच्यावर जानेवारी २००७ मध्ये 'डिनर इम्पॉसिबल' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. रॉबर्ट अर्वाइन नावाचा मूळचा इंग्रज शेफ त्याचा नायक. त्याच्यापुढे काहीतरी अशक्य वाटणारं काम टाकायचं, हाताशी थोडे तास द्यायचे, आणि एवढ्या-एवढ्या पाहुण्यांचं जेवण उभं करून दाखव म्हणायचं. गडी दणकट, बोलायला तडफदार, कामाला वाघ. आपल्याकडे मुंजीच्या दिवशी आचारी आयत्या वेळी आला नाही म्हणजे घरातली जी एखादी धीराची आत्याबाई पदर खोचून उभी राहते ना, तसला प्रकार. लोकांना तो आवडला यात नवल नाही.

आता त्याची पाटी ऐका. इंग्लंडच्या युवराज चार्ल्स आणि डायनाच्या १९८१ सालच्या लग्नात जो केक झाला, त्यात आपला हात होता, असं तो सांगे. लीड्स विद्यापीठाची अन्न व पोषण या विषयाची पदवी आपल्यापाशी आहे, असं सांगे. राणीने आपल्याला 'सर' केलं आहे, असंही सांगे. आणि अमेरिकेच्या व्हाइट हाउसमध्ये आपण राष्ट्राध्यक्षांसाठी स्वैपाक केला आहे, असंही. एवढ्या चार गोष्टी ऐकल्यावर कोण विचारणार हो, की बाबा, कांदा कसा चिरतोस?

पण फ्लोरिडातल्या 'सेंट पीटर्सबर्ग टाइम्स' या वृत्तपत्राने विचारलं. त्या गावात अर्वाइन हॉटेलं काढणार होता, त्या व्यवहारात कुरबुरी सुरू झाल्या होत्या, आणि त्यातून चौकशीला तोंड फुटलं. बातमीदाराने काही मोठी जादू केली नाही. जिथे-जिथे हा माणूस 'मी होतो' म्हणत होता, तिथे-तिथे जाऊन विचारलं, 'होता का हो?' फेब्रुवारी २००८ मध्ये ती बातमी छापून आली. लीड्स विद्यापीठाच्या दप्तरात त्याची नोंद सापडत नव्हती. राजवाड्याकडून उत्तर आलं की अशी काही पदवी त्याला दिलेली नाही. व्हाइट हाउसचे माजी मुख्य शेफ वॉल्टर शीब म्हणाले की, त्याचा संबंध आला असेल तर तो तिथल्या नौदलाच्या भोजनगृहाशी. १९९४ ते २००५ या त्यांच्या कारकीर्दीत राष्ट्राध्यक्षांच्या घरच्या किंवा सरकारी मेजवानीशी त्याचा काही संबंध नव्हता.

आणि तो केक? तो बनला होता चॅटहॅमच्या नौदलाच्या पाकशाळेत. मुख्य हात डेव्हिड एव्हरी या तिथल्या बेकरीप्रमुखाचा. अर्वाइन पंधराव्या वर्षी नौदलात शिरलेला, आणि केक झाला तेव्हा त्या शाळेत होता, एवढं त्याचं म्हणणं. मग तू नेमकं काय केलंस, असं विचारल्यावर उत्तर काय, तर फळं निवडणं वगैरे! अहो, लग्नघरात बेदाण्याच्या काड्या काढायला तर वाड्यातली सगळी पोरं बसवतात. म्हणून त्यातल्या एखाद्याने मोठेपणी 'त्या लग्नातला श्रीखंडाचा बेत माझाच' असं म्हणायचं का?

अर्वाइनने चूक कबूल केली, माफी मागितली. वाहिनीने त्याचा करार पुढे न चालवण्याचं ठरवलं आणि काही भागांसाठी मायकेल सायमन हा दुसरा शेफ त्याच्या जागी उभा राहिला. पण गोष्ट इथेच संपत नाही. त्याच वर्षाच्या शेवटी वाहिनीने त्याला परत बोलावलं आणि २००९ मध्ये तो पुन्हा पडद्यावर दिसू लागला. २०११ पासून तर तो बुडीत चाललेल्या हॉटेलांना सुधारून देण्याच्या कार्यक्रमात मालकांना चार खडे बोल सुनावू लागला.

मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली सर्वांत चुटपुट लावणारी गोष्ट ही की, त्या माणसाला स्वैपाक येत होता! नौदलात शेकडो माणसांचं जेवण रांधणं ही काय थट्टा आहे? 'मी पंधराव्या वर्षी नौदलात गेलो, तिथे रांधायला शिकलो आणि तिथून इथवर आलो' एवढीच पाटी लावली असती तरी लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं. उलट जास्तच घेतलं असतं. खऱ्या सोन्याच्या पाटलीवर कशाला हो पितळेचा मुलामा?

पण मनुष्यस्वभाव तसा आहे खरा. आपल्याकडच्या लग्नाच्या जाहिराती आठवा. 'गृहकृत्यदक्ष, स्वयंपाकात निपुण' असं छापलेली मुलगी लग्नानंतर पहिल्या दिवशी डाळीला फोडणी आधी की नंतर, असं विचारते, आणि 'उच्चपदस्थ' म्हणून छापलेला मुलगा कारकून निघतो. पहिल्यांदा थोडं वाढवून सांगितलं जातं. ऐकणारा 'वा!' म्हणतो. त्या 'वा'ची चटक लागते. पुढल्या वेळी आणखी थोडं. शेवटी ते वाढीव सांगणं छापून येतं, आणि छापून आलं की आपल्यालाच ते खरं वाटू लागतं. राईचा पर्वत असा चमच्या-चमच्याने होतो.

दोष एकट्या अर्वाइनचा म्हणावा तर तसंही नाही. विद्यापीठाला विचारणं बातमीदाराला जमलं, ते आधी वाहिनीला जमण्यासारखं नव्हतं का? पण झगमगीत पाटी सगळ्यांनाच सोयीची असते. वाहिनीला जाहिराती मिळतात, प्रकाशकाचं पुस्तक खपतं, प्रेक्षकाला राजवाड्याचा वास येतो. खोटं एकजण बोलतो, पण ते पोसायला दहाजण लागतात.

तुम्ही म्हणाल, "बाई, कुणी दोन गोष्टी वाढवून सांगितल्या, त्यात कुणाचं काय गेलं? जेवण तर चांगलं होतं ना?" याला उत्तर म्हणून त्याच वाहिनीवरची आणखी एक हकीकत सांगते. २००७ मध्ये तिथे नवा पाककला-कलावंत निवडण्याची स्पर्धा झाली. शेवटच्या फेरीत पोचलेल्या एका तरुण स्पर्धकाने आपण पाकशाळेचे पदवीधर आहोत आणि अफगाणिस्तानात सैन्यात काम केलं आहे, असं सांगितलं होतं. चौकशीत ते टिकलं नाही आणि त्याला माघार घ्यावी लागली. पण त्याच्यासमोर हरून एमी फिनली नावाची एक संसारी, मुलांची आई आधीच घरी गेलेली होती! तिला परत बोलावलं, आणि शेवटी जिंकली तीच.

तिचं नशीब म्हणून वेळेत उघडकीला आलं. नसतं आलं तर? खोट्या पाटीमुळे जागा जाते ती खऱ्या पाटीवाल्याची. आणि ती जागा कुणाची गेली हे बहुतेक वेळा कुणाला कळतही नाही. म्हणून मी म्हणते, हे खोटं 'निरुपद्रवी' नव्हे.

मग स्पर्धकाला एवढी चाळणी आणि परीक्षकाला मोकळं रान, असं कसं चालेल? आपल्याकडचं उदाहरण घ्या. २०१० मध्ये 'मास्टरशेफ इंडिया'चा पहिला हंगाम झाला. विजेत्या ठरल्या लखनौच्या पंकज भदौरिया. त्या शाळेत शिकवायच्या. सोळा वर्षांची शिक्षिकेची नोकरी सोडून त्या स्पर्धेत उतरल्या होत्या. सोळा वर्षं! नोकरी सोडताना घरात किती रात्री खल झाला असेल, कुणी काय-काय बोललं असेल, ते आपणा बायकांना सांगायला नको. जी बाई एवढं पणाला लावते, तिला समोरच्या माणसाची लायकी खरी असण्याचा हक्क आहे की नाही? त्या हंगामात कुणाल कपूर आणि अजय चोप्रा हे दोघे हॉटेलच्या स्वैपाकघरात घडलेले शेफ होते, आणि अक्षयकुमार हा सिनेनट. पण बँकॉकमध्ये आपण वेटरचं आणि स्वैपाकाचं काम केलं आहे, हे त्याने स्वतःच अनेकदा सांगितलेलं आहे. कोण काय आहे, ते समोर होतं. एवढंच मागणं आहे.

कारण, मैत्रिणींनो, परीक्षक होण्यासाठी पदवी हवीच असं मुळीच नाही. हे नीट लक्षात घ्या. 'मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया' २००९ मध्ये सुरू झालं तेव्हापासून २०१९ पर्यंत मॅट प्रेस्टन हे तिघा परीक्षकांपैकी एक होते. ते शेफ नव्हेत, खाण्याबद्दल लिहिणारे पत्रकार. आणि ते तसं उघड सांगूनच खुर्चीवर बसत. बाकीचे दोघे शेफ हात बघत, हे जीभ बघत. इंग्लंडच्या नायजेला लॉसन ऑक्सफर्डला भाषा शिकल्या. 'मी शेफ नाही, घरचा स्वैपाक करणारी बाई आहे' हे त्या पुनःपुन्हा सांगत आल्या. म्हणून कुणी त्यांची पुस्तकं घ्यायचं थांबलं नाही.

ज्युलिया चाइल्ड हे नाव तुमच्यापैकी पुष्कळजणींनी ऐकलं असेल. अमेरिकेत १९६३ पासून टी.व्ही.वर फ्रेंच पदार्थ शिकवणारी ही उंचनिंच बाई पॅरिसच्या 'कॉर्दाँ ब्लू' या पाकशाळेत शिकली, पण शेवटच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाली होती! दुसऱ्या खेपेला, १९५१ मध्ये पास झाली. हे तिने दडवलं नाही. एकदा कार्यक्रमात बटाट्याचं मोठं थालीपीठ हवेत उडवून उलटताना अर्धं कढईबाहेर सांडलं. तिने ते सर्वांदेखत गोळा करून परत आत ढकललं आणि वर म्हणाली की, स्वैपाकघरात तुम्ही एकट्याच असता, बघतंय कोण! बघत होता सारा देश. पण त्या दिवसापासून किती बायकांच्या मनातली भीती गेली असेल, विचार करा.

आणि आपल्या घरचं उदाहरण तर हाताशीच आहे. 'रुचिरा' कुणाच्या फडताळात नाही? १९७० मध्ये हे पुस्तक आलं. लिहिणाऱ्या कमलाबाई ओगले सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या, आणि शाळा जेमतेम चौथीपर्यंतची. किती मुली 'रुचिरा' बरोबर घेऊन सासरी गेल्या आणि परदेशातसुद्धा गेल्या! कमलाबाईंच्या नावापुढे कुणी 'बी.एस्सी.' लावलं असतं तर त्यांची पुरणपोळी जास्त लुसलुशीत झाली असती का? वाटी-चमच्याच्या मापाने त्यांनी जे सांगितलं ते आपल्या चुलीवर तसंच उतरतं, हाच त्यांचा दाखला. हातच्या काकणाला आरसा कशाला?

पण पदवी किंवा बहुमान जर सांगायचाच, तर तो मिळवलेला असला पाहिजे. फ्रान्समध्ये याबाबत फार कडक. तिथे कारागिरांची एक देशव्यापी परीक्षा आहे. १९२४ पासून चालू आहे, आणि साधारण तीन-चार वर्षांनी एकदा होते. सुतार, विणकर, मिठाईवाले, आचारी असे सगळे तिला बसतात. त्यात उतरलेल्या शेफला पांढऱ्या कोटावर निळ्या-पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांची कॉलर घालता येते. ती कॉलर मिळवल्यावाचून कुणी घातली तर तो कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडे 'शेफ' या शब्दाला असं काही कुंपण नाही. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थच मुळी 'प्रमुख'. ज्याच्या हुकमाखाली स्वैपाकघर चालतं तो. पण आज पांढरी टोपी घातली की कुणीही शेफ! म्हणून तर बघणाऱ्याने डोळे उघडे ठेवायला हवेत.

आता मुद्द्याचं. या सगळ्याची आठवण मला का झाली, तर एका तालुक्याच्या गावाहून आलेल्या पत्रामुळे. पत्र लिहिणाऱ्या बाई पन्नाशीच्या. शिक्षण मॅट्रिक. अठरा माणसांच्या एकत्र कुटुंबात तीस वर्षं स्वैपाकघर सांभाळलं, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतात. गावच्या महिला मंडळाने त्यांना पाककला स्पर्धेचं परीक्षक म्हणून बोलावलं. बाईंना आनंद झाला. आणि मग निमंत्रणपत्रिका हातात आली. नावापुढे छापलेलं, 'गृहविज्ञान पदवीधर व आहारतज्ज्ञ'. चिटणीसबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अहो, नाव भारदस्त दिसायला नको का? कोण येतंय तपासायला!" यजमान म्हणतात, सोडून दे, तू थोडंच छापलंस? पण बाईंना झोप लागत नाही. कारण स्पर्धकांच्या यादीत एक मुलगी आहे, जी खरोखरच गृहविज्ञानाची पदवीधर आहे. बाई विचारतात, "तिच्या पदार्थाला मी कुठल्या तोंडाने गुण देऊ?"

ताई, तुम्हाला झोप लागत नाही यातच तुमची परीक्षकपदाची लायकी दिसते. आता करायचं काय ते सांगते.

पत्रिका अजून वाटल्या नसतील, तर चिटणीसबाईंना शांतपणे सांगा की ती ओळ बदला, नाहीतर माझं नाव काढा. भांडू नका, पण ढिलंही पडू नका. पत्रिका वाटून झाल्या असतील, तर स्पर्धेच्या दिवशी ओळख करून दिल्यावर उठा आणि दोनच वाक्यं बोला: 'पत्रिकेत माझ्या शिक्षणाबद्दल चुकून छापलं गेलं आहे. मी मॅट्रिक आहे, पण तीस वर्षं अठरा माणसांचं रांधते आहे, आणि त्या अनुभवावर आज गुण देणार आहे.' बस्स. कुणाचं नाव घ्यायला नको, कुणाला खाली बघायला लावायला नको. टाळ्या पडतील बघा. न पडल्या तरी घरी आल्यावर गाढ झोप लागेल. आणि मंडळाला हे पटलंच नाही, तर तब्येतीची सबब न सांगता सरळ कारण सांगून नकार द्या. सबब सांगणं म्हणजे एका खोट्यावर दुसऱ्याचं झाकण.

त्यातला 'आहारतज्ज्ञ' हा शब्द तर मला पदवीपेक्षाही जास्त खटकला. का ते सांगते. चवीत चूक झाली तर एक जेवण बिघडतं, पण आहाराच्या सल्ल्यात चूक झाली तर माणूस आजारी पडतो. अशा स्पर्धांत हमखास कुणी साखरेऐवजी गूळ घातलेले लाडू 'मधुमेह्यांसाठी' म्हणून मांडते, आणि पत्रिकेतल्या 'आहारतज्ज्ञां'नी मान डोलावली की ऐकणारी बाई घरी जाऊन नवऱ्याला निर्धास्त वाढते. अहो, गुळानेही रक्तातली साखर वाढतेच! आपल्याकडे आहारशास्त्राचं रीतसर शिक्षण आहे. इंडियन डाएटेटिक असोसिएशन ही संस्था परीक्षा घेऊन 'रजिस्टर्ड डाएटिशियन' अशी मान्यता देते. ती ज्यांनी कष्टाने मिळवली त्यांचा मान त्यांना राहू द्या. आपण 'हा लाडू चविष्ट आहे' म्हणावं, 'हा पथ्याचा आहे की नाही ते डॉक्टरांना विचारा' म्हणावं, आणि थांबावं.

परीक्षकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या इतर भगिनींसाठीही चार गोष्टी लिहून ठेवते. कापून जपून ठेवा.

पदार्थांपुढे नावं नकोत, क्रमांक हवेत. नावाच्या चिठ्ठ्या बंद पाकिटात. गुणांची वाटणी आधीच ठरवून फळ्यावर लिहावी. समजा शंभर गुण आहेत, तर चवीला पन्नास, शिजणं आणि पोत याला वीस, मांडणी, स्वच्छता आणि खर्चाचा मेळ यांना प्रत्येकी दहा. नाहीतर काकडीच्या फुलांनाच बक्षीस मिळतं आणि आतली भाजी कच्ची राहते.

चाखताना सौम्य पदार्थ आधी, मग तिखट, गोड सर्वांत शेवटी. दोन पदार्थांच्या मध्ये कोमट पाण्याचा घोट आणि भाकरीचा साधा तुकडा खावा, म्हणजे जीभ कोरी होते. गरम खायचं ते गरम असतानाच चाखावं. बाराव्या क्रमांकाच्या भज्यांना गार झाली म्हणून शिक्षा नको, तो क्रम आपण लावलेला असतो.

आपली भाची, विहीणबाई किंवा भिशीतली मैत्रीण स्पर्धेत असेल तर आधीच सांगावं आणि तो पदार्थ दुसऱ्या परीक्षकाकडे द्यावा.

आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जे माहीत नाही ते विचारावं. कोकणातल्या बाईने खतखतं केलं आणि परीक्षक बाईंनी जन्मात तिरफळ चाखलेलं नाही. जिभेला ती झिणझिणी लागली की त्यांना वाटायचं, काहीतरी बिघडलंय, आणि गुण कापले जायचे. त्यापेक्षा 'यात हे काय घातलंत हो?' असं विचारण्यात कमीपणा काय? टी.व्ही.वरचे परीक्षक पारखायलाही हीच कसोटी लावा. चुकलं म्हणताना तो कारण सांगतो का? काय केलं असतं तर बरं झालं असतं, ते सांगतो का? आणि एखादा पदार्थ आपल्याला नवा आहे, हे कबूल करतो का? तीनही करत असेल तर त्याची पाटी काहीही असो, तो जाणता आहे. नुसते डोळे मिटून उसासे टाकत असेल, तर पाटीवर राजवाडा असला तरी उपयोग नाही.

आता स्वैपाकाचे वर्ग घेणाऱ्या, केक-चॉकलेटं शिकवणाऱ्या भगिनींसाठी. हल्ली गावोगावी असे वर्ग आहेत आणि फार चांगली गोष्ट आहे. घरबसल्या चार पैसे मिळतात, हातात पैसा आला की बोलण्यात जोर येतो. पण पाटी लिहिताना पेन जपून धरा. दोन दिवसांच्या शिबिराला गेला असाल तर 'शिबिरात भाग घेतला' म्हणा, 'प्रशिक्षित' म्हणू नका. तीन महिन्यांचा वर्ग केला असेल तर तीन महिने लिहा. हॉटेल मॅनेजमेंटच्या संस्थांत मुलं तीन-तीन वर्षं राबून पदवी घेतात. त्यांच्या शेजारी आपली दोन दिवसांची ओळ मांडली तरी लाज नाही, मात्र ती दोनच दिवसांची राहू द्या. 'वीस वर्षांचा घरगुती अनुभव, चारशे मुली शिकवल्या' ही ओळ खरी असेल तर ती कुठल्याही परदेशी प्रमाणपत्राला भारी आहे. आणि विकण्यासाठी पदार्थ करत असाल, तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी करून तो क्रमांक पाटीवर घाला. तो कुणालाही तपासता येतो, त्यामुळे विश्वास आपोआप बसतो.

शेजारची बाई खोटी पाटी लावते आणि तिच्याकडे गर्दी होते, मग आम्ही काय करायचं, असं काहीजणी विचारतील. प्रश्न खरा आहे. काही दिवस तिच्याकडे गर्दी होईलही. पण आपला धंदा तोंडी गवाहीवर चालतो. एका मुलीचा केक घरी फुगला की ती चारजणींना सांगते, आणि बसला तर चाळीसजणींना. पाटी दारापर्यंत आणते, पुढचं काम हातालाच करावं लागतं.

अर्वाइनला त्याच्या वाहिनीने परत घेतलं, हे मघाशी सांगितलं. काहीजणींना ते आवडणार नाही. मला मात्र ते पटतं. तो परत आला तो राजाचा केक आणि 'सर'की घेऊन नव्हे. ते सगळं बाजूला ठेवून आला, आणि जे खरोखर येत होतं त्यावर उभा राहिला. तेवढं पुरलं त्याला. म्हणजे आधीही पुरलंच असतं!

तर ताई, उद्या सकाळी पहिला फोन चिटणीसबाईंना करा. 'मॅट्रिक, तीस वर्षांचा अनुभव' एवढंच छापायला सांगा. आणि त्या पदवीधर मुलीचा पदार्थ मोकळ्या मनाने चाखा. चांगला असेल तर पहिला नंबर द्या, मीठ कमी असेल तर तेही सांगा. स्पर्धा कशी झाली ते मला जरूर कळवा. तुमच्या गावच्या परीक्षकांचे बरे-वाईट अनुभव इतरजणींनीही लिहावेत, नावं मात्र घालू नयेत. पुढच्या आठवड्यात कुरडयांचा चीक बिघडू नये म्हणून काय करावं, ते पाहू.